जुना फ्लॅश डिजिटल कॅमेऱ्यावर चढवण्याआधी व्होल्टेज मोजा

कृष्णाकाठ (सांगली)

आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओंमध्ये आता पुढची पिढी डिजिटलवर काम करते. कपाटं आवरली की फिल्मच्या काळातले फ्लॅश बाहेर निघतात. व्हिविटार २८३ किंवा २८५, सनपॅक, नॅशनल, क्वचित एखादा हँडलवाला मेट्झ. चार नवे सेल घातले की बारीक शीळ ऐकू येते, थोड्या वेळाने रेडी लाईट लागतो आणि टेस्टचं बटण दाबलं की खोलीभर लख्ख उजेड पडतो. एवढं झालं की माझ्याकडे प्रश्न येतो, 'चालू आहे, माझ्या कॅमेऱ्यावर लावू का?' तो इतक्या जणांनी विचारलाय की एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

फ्लॅश वापरा, जरूर वापरा. फक्त व्होल्टेज मोजल्याशिवाय हॉट शूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या फ्लॅश बसवायच्या खाचेत, सरकवू नका.

फिल्म कॅमेऱ्यातला फ्लॅशचा सिंक (शटरच्या वेळेवर फ्लॅश उडवणारी जोडणी) म्हणजे घरातल्या दिव्याच्या बटणासारखा साधा स्विच होता. शटर पूर्ण उघडलं की धातूच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकायच्या आणि फ्लॅश उडायचा. पट्ट्यांवर तीन व्होल्ट आले काय आणि तीनशे आले काय, त्यांना फरक पडत नव्हता. डिजिटल कॅमेऱ्यात त्या पट्ट्यांच्या जागी सेमीकंडक्टर स्विच आला. तो ठरावीक व्होल्टेजपर्यंतच टिकतो. त्यापलीकडे गेलं की तो स्विच जातो, आणि कधी कधी त्याच्या मागचं सर्किटही घेऊन जातो.

आता फ्लॅशच्या पोटात बघू. सेलच्या ६ व्होल्टवरून आतलं सर्किट ३०० ते ३३० व्होल्ट तयार करतं आणि ते मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवतं. शेजारी एक छोटा ट्रिगर कपॅसिटर असतो, तोही जवळपास तेवढ्याच व्होल्टेजला भरलेला. जुन्या डिझाइनमध्ये हॉट शूचा मधला बिंदू सरळ या ट्रिगर सर्किटला जोडलेला असे. कॅमेऱ्याने तो बिंदू बाजूच्या पट्टीला जोडला की छोटा कपॅसिटर ट्रिगर कॉइलमधून रिकामा होतो, कॉइलच्या दुसऱ्या बाजूला काही हजार व्होल्टचा झटका तयार होतो, झेनॉनच्या नळीतून वीज वाहायला वाट मिळते आणि मोठा कपॅसिटर नळीतून रिकामा होतो. तोच उजेड. म्हणजे हे दोनशे-तीनशे व्होल्ट तुमच्या कॅमेऱ्याच्या नाजूक स्विचवर टांगलेले असतात, फ्लॅश उडण्याआधी सुद्धा. नंतरच्या काळात कंपन्यांनी हा जोडणीचा भार फ्लॅशच्या आतल्याच एससीआरवर (एक इलेक्ट्रॉनिक स्विच) टाकला, त्यामुळे बाहेरच्या बिंदूवर पाच-दहा व्होल्टच उरले.

सगळा घोळ इथेच आहे, कारण बाहेरून दोन्ही फ्लॅश सारखेच दिसतात. व्हिविटार २८३ चं उदाहरण घ्या. सुरुवातीच्या जपानी नगांवर दोनशे व्होल्टच्या पुढचे आकडे येतात आणि बऱ्याच उशिरा बनलेल्या नगांवर १० व्होल्टच्या आत. नाव तेच, चेहरा तोच. मेट्झ ४५ सीटी-१ चंही तसंच आहे, जुने नग जास्त व्होल्टेजचे, पुढचे कमी. म्हणून 'माझ्या मित्राकडे हाच फ्लॅश आहे, त्याचं काही झालं नाही' या वाक्याला माझ्या लेखी किंमत नाही. हातातला नग मोजायचा.

कॅमेऱ्याची बाजू अशी. १९९२ च्या आयएसओ १०३३० या मानकात ही मर्यादा २४ व्होल्ट धरली आहे. निकॉनच्या डिजिटल एसएलआरच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय की २५० व्होल्टच्या वर किंवा उलट ध्रुवांचं व्होल्टेज हॉट शूवर देऊ नका. फुजीच्या एक्स मालिकेच्या मॅन्युअलमध्ये ३०० व्होल्टची मर्यादा दिलेली आहे. कॅननच्या वरच्या बॉडींना सिंक कॉर्डचं, म्हणजे फ्लॅश वायरने जोडायचं, वेगळं सॉकेट असतं, त्याबद्दल मॅन्युअलमध्ये २५० व्होल्टचा इशारा आहे. पण हॉट शूबद्दल कॅनन आकडा न देता एवढंच सांगतं की जास्त व्होल्टेजचा फ्लॅश लावू नका. सुरुवातीच्या स्वस्त डिजिटल कॅननना तर ६ व्होल्टच्या वर धोका मानला जायचा.

माझा नियम असा. मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर त्याच्या बराच खाली राहायचं. आकडा नसेल तर १० व्होल्टच्या वरचं काहीही हॉट शूवर नाही.

मोजायचं कसं ते सांगतो, आत्ता टेबलावर जपानी २८३ ठेवूनच लिहितोय. फ्लॅश कॅमेऱ्यापासून वेगळा. सेल नवे, कारण उतरलेल्या सेलवर आकडा कमी येतो आणि माणूस गाफील राहतो. नळीचं तोंड भिंतीकडे. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, ६०० किंवा १००० च्या रेंजला. फ्लॅश चालू करून रेडी लाईट लागल्यावरही मिनिटभर थांबायचं. लाल प्रोब पायाच्या मधल्या बिंदूवर, काळा प्रोब पायाच्या कडेच्या धातूच्या पट्टीवर. माझ्या मीटरवर आकडा १८० च्या आसपास दिसला, मग चढत चढत २१४ वर येऊन थांबला. टेस्ट बटण दाबल्यावर खाली कोसळला आणि फ्लॅश भरत गेला तसा परत चढला. चढल्यानंतर जो सर्वांत मोठा आकडा येतो तो धरायचा.

प्रोबची टोकं एकमेकांना लागली तर फ्लॅश उडेल, तेव्हा नळीकडे बघत मोजू नका. बोटं धातूला लावू नका. आणि आकड्याआधी वजाचं चिन्ह आलं, तर प्रोब बरोबर लावल्याची खात्री करा. तरीही वजाच असेल तर तो फ्लॅश उलट ध्रुवांचा आहे. मग व्होल्टेज कितीही कमी असलं तरी तो हॉट शूवर नको.


सोल्डरगन (कुपवाड)

दादा, बैजवार लिहिलंय. एक भर घालतो, कारण माझ्याकडे दुरुस्तीला येणारी मंडळी नेमकी इथेच फसतात.

दीड-दोनशे रुपयांचा तो पिवळा मीटर, डीटी-८३० जातीचा, त्याचा इनपुट रेझिस्टन्स, म्हणजे मीटरचा स्वतःचा विद्युत रोध, १ मेगओहम असतो. चांगल्या डिजिटल मीटरचा १० मेगओहम. हॉट शूच्या बिंदूमागे फ्लॅशमध्ये साधारण १ मेगओहमचा किंवा त्याहून मोठा रेझिस्टर असतो. आता स्वस्त मीटर लावला की तो रेझिस्टर आणि मीटर व्होल्टेज वाटून घेतात. खरे २४० व्होल्ट असतील तर मीटर १२० दाखवणार. आतला रेझिस्टर ३ मेगओहमचा असेल तर ६० च दाखवणार. माणूस म्हणणार, 'साठच आहे की, निकॉनला २५० चालतात.' आणि खरे असतात २४०.

१० मेगओहमच्या मीटरवरही थोडी घट येतेच. कृष्णाकाठ यांचा २१४ चा आकडा १ मेगओहम धरून काढला तर २३५ होतो. म्हणून २५० च्या मर्यादेला २१४ हा आकडा मला तरी सुरक्षित वाटत नाही.

मीटर कुठल्या जातीचा आहे हे माहीत नसेल तर सोपा उपाय. दुसऱ्या कुणाचा मीटर ओहमवर ठेवायचा आणि त्याच्या वायरी आपल्या मीटरच्या वायरींना जोडायच्या. आपला मीटर डीसी व्होल्टवर चालू असू द्या. दुसऱ्यावर १ मेगओहमच्या आसपास आलं तर तो मीटर या कामाचा नाही. घरचा वायरिंगवाला वापरतो तो काट्याचा जुना मीटरही या कामाला नको.


विट्याचा स्टुडिओ (विटा)

नमस्कार मंडळी. मी २८३ वर निम्मा संसार केलाय. फिल्मवर तर केलाच, पण निकॉनची डिजिटल घेतल्यावरही लग्नात तोच फ्लॅश कॅमेऱ्यावर लावून काम केलं. हळदीपासून वरातीपर्यंत. कॅमेऱ्याला काही झालं नाही. तुम्ही नव्या पोरांना उगाच घाबरवताय असं वाटतं. घाबरून चांगले फ्लॅश भंगारात जातील. तेवढं होऊ नये.


कृष्णाकाठ (सांगली)

विटेकर काका, भंगारात जाऊ नयेत म्हणूनच लिहितोय.

तुमच्या कॅमेऱ्याला काही झालं नाही याची दोन कारणं असू शकतात. एक तर तुमचा २८३ उशिरा बनलेला, कमी व्होल्टेजचा असेल. किंवा जुना असेल आणि निकॉनच्या २५० च्या मर्यादेच्या आत बसला असेल. तोच जुना नग तुम्ही पुतण्याच्या स्वस्त कॅननवर लावला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. तुमचा अनुभव तुमच्या त्या कॅमेऱ्यापुरता आणि त्या फ्लॅशपुरता खरा आहे. तो दुसऱ्याला लागू करायचा तर मधे मीटर हवा.

आणि स्विच दरवेळी पहिल्याच फटक्यात जातो असंही नाही. माझ्या ओळखीच्या एका फोटोग्राफरचा कॅमेरा महिनोन्महिने नीट चालला. मग फ्लॅश कधी उडायचा, कधी नाही, आणि शेवटी शटर न दाबताच, हॉट शूवर चढवला की लगेच उडायला लागला. आतला स्विच कायमचा जोडला गेला होता. बाकी कॅमेरा ठणठणीत, फक्त हॉट शू मेलेला.

काका, तुमच्याकडे २८३ अजून असतील तर मोजून इथे टाका ना. पायाखाली किंवा मागे कुठे बनला ते लिहिलेलं असतं, तेही सांगा.


बेदाणा (तासगाव)

दादा, माझी वेगळीच अडचण आहे. मामांनी सनपॅक दिलाय, मीटरवर ७ व्होल्ट आले, चांगल्या मीटरवर. म्हणजे सुरक्षित. पण माझ्या कॅनन २०० डी मार्क टू वर लावला तर उडतच नाही. टेस्टच्या बटणाने उडतो. मामांच्या जुन्या फिल्म कॅमेऱ्यावरही उडतो. माझ्या कॅमेऱ्याचा हॉट शू गेलाय का?


कृष्णाकाठ (सांगली)

अरे बेदाणा, काही गेलेलं नाही. हॉट शू नीट बघ. मधे जो मोठा गोल बिंदू असतो तो तुझ्या कॅमेऱ्याला नाहीच. २०१९ मध्ये आलेल्या या मॉडेलमध्ये कॅननने तो काढून टाकला, खालच्या किमतीच्या आणखी काही मॉडेलांतही नाही. कॅननचे स्वतःचे फ्लॅश बाजूच्या छोट्या बिंदूंवरून बोलतात, म्हणून ते चालतात. जगातले सगळे साधे फ्लॅश मधल्या बिंदूवर उडतात, ते तुझ्या कॅमेऱ्यावर उडणार नाहीत. मला हा निर्णय अजिबात पटलेला नाही. शिकणाऱ्या पोरांच्या हातात जो कॅमेरा जातो, त्याच्यावरच स्वस्त फ्लॅशची वाट बंद केली.

तुला दोन वाटा आहेत. मधल्या बिंदूशिवाय कॅननवर चालणारे रेडिओ ट्रिगर (वायरशिवाय फ्लॅश उडवणारी जोडी) मिळतात. घेताना दुकानदाराला कॅमेऱ्याचं पूर्ण नाव सांग आणि शक्य असेल तर कॅमेरा घेऊन जाऊनच तपास. दुसरी वाट ऑप्टिकल स्लेव्हची. सनपॅकच्या पायाला छोटा स्लेव्ह लावायचा, कॅमेऱ्याचा स्वतःचा छोटा फ्लॅश उडाला की तो उजेड बघून सनपॅक उडतो. मात्र ऑटो मीटरिंगमध्ये कॅमेऱ्याचा फ्लॅश खऱ्या उजेडाआधी एक छोटा प्री-फ्लॅश टाकतो. साधा स्लेव्ह त्यालाच बघून उडतो, आणि फोटो निघेपर्यंत सनपॅक रिकामा. छोटा फ्लॅश मेनूमधून मॅन्युअलवर ठेवता येतो का बघ. येत नसेल तर प्री-फ्लॅश सोडून दुसऱ्या उजेडावर उडणारा स्लेव्ह माग.


यवतेश्वर (सातारा)

मी पावसाळ्यात यवतेश्वर-कासच्या बाजूला बेडूक, किडे, कोळी यांचे फोटो काढते. निकॉनचा एसबी-२८ वापरते, तोही फिल्मच्याच काळातला. जुन्या फ्लॅशचं भलं बोलायला कुणीतरी हवं म्हणून लिहिते.

निकॉनच्या या जुन्या एसबी फ्लॅशना निकॉनच्या डिजिटल बॉडीवर व्होल्टेजची काळजी नाही. फक्त फिल्मच्या काळातलं टीटीएल, म्हणजे लेन्समधून आलेला उजेड कॅमेऱ्याने मोजून फ्लॅश आवरणं, डिजिटलवर चालत नाही. मॅन्युअल चालतं आणि फ्लॅशचा स्वतःचा ए मोड चालतो. या ए मोडबद्दल लोकांना माहीतच नसतं. फ्लॅशच्या पुढच्या बाजूला एक छोटा डोळा असतो. तो समोरून परत येणारा उजेड मोजतो आणि पुरेसा झाला की फ्लॅश स्वतः बंद करतो. कॅमेऱ्याशी बोलायची गरजच नाही. आयएसओ आणि अॅपर्चर फ्लॅशवर आणि कॅमेऱ्यावर सारखं ठेवलं की झालं. २८३ लाही हा डोळा आहे. लग्नाच्या मांडवात, जिथे अंतर सतत बदलतं, तिथे हा मोड अजूनही उत्तम काम करतो.

मॅक्रोला मात्र मी मॅन्युअलवरच असते. गाईड नंबर म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, त्याचं गणित साधं आहे, गाईड नंबर भागिले अंतर म्हणजे अॅपर्चर. आयएसओ १०० ला गाईड नंबर ३६ असेल आणि माणूस साडेचार मीटरवर असेल तर एफ ८. जुन्या फ्लॅशवर नंबर फुटांत लिहिलेला असतो, १२० म्हणजे तेच ३६ मीटर. गोंधळ तिथे होतो. आणि नंबर कुठल्या एएसएला (आयएसओचं जुनं नाव) दिलाय तेही बघा, काही जुन्या फ्लॅशवर २५ किंवा ६४ चा असतो.

कॅमेरा एम वर, शटर १/१२५. त्याच्या वर १/२०० पर्यंत बहुतेक एसएलआर चालतात, पण पुढे गेलात की फोटोच्या एका कडेला काळी पट्टी येते. व्हाइट बॅलन्स फ्लॅशवर. मिररलेसवाल्यांनी इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल ठेवायचं, नाहीतर बहुतेक बॉडींवर फ्लॅश उडत नाही. कॅननवर लाइव्ह व्ह्यूमध्ये दुसऱ्या कंपनीचा फ्लॅश उडत नसेल तर सायलेंट शूटिंग बंद करून बघा.

माझा एक प्रश्न. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये धुकं आणि पाऊस दिवसभर. एसबी-२८ ला मी पिशवी घालते. पण समजा ३०० व्होल्टचा जुना फ्लॅश ओलसर हवेत सिंक कॉर्डवर वापरला, तर हाताला करंट बसेल का?


सोल्डरगन (कुपवाड)

ताई, बसेल. बिंदू आणि पट्टी यांना एकदम ओलं बोट लागलं की झणका येतोच. ट्रिगर कपॅसिटर अगदी छोटा असतो, त्यामुळे त्यात ऊर्जा फार नसते, पण दचकून कॅमेरा हातातून पडायला तेवढं पुरतं. ओलाव्यामुळे बिंदूवरून पट्टीकडे वीज झिरपायला लागली तर फ्लॅश आपोआपही उडतो. यवतेश्वरच्या पावसात कमी व्होल्टेजचाच फ्लॅश न्या, तुमचा एसबी-२८ तिथे योग्य आहे.

खरी भीती मोठ्या कपॅसिटरची, आणि तो आत असतो. हिशोब करून दाखवतो. ८०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३३० व्होल्टला भरला की त्यात साधारण ४४ ज्यूल असतात. एवढी ऊर्जा छातीतून गेली तर जीव जाऊ शकतो. फ्लॅश बंद केला, सेल काढले, तरी ती बराच वेळ आत राहते. म्हणून फ्लॅश उघडून 'जरा बघू' असलं काही करू नका. आम्हीसुद्धा आधी मोठ्या वॉटचा रेझिस्टर लावून सावकाश रिकामा करतो, मग मीटरने शून्य बघतो आणि मगच हात घालतो. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करणारे लोक मी पाहिलेत. ठिणगी उडते, टोक वितळतं, कधी कपॅसिटरही फाटतो.


नदीपलीकडे (सांगलीवाडी)

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात पाणी होतं. वडिलांच्या फ्लॅशची पेटी तेव्हा पाण्यात होती. त्यात दोन सनपॅक आणि एक नॅशनल. वाळवून तसेच माळ्यावर ठेवलेत. आता बघितलं तर बाहेरून स्वच्छ दिसतात. सेल घालून बघू का?


सोल्डरगन (कुपवाड)

नका घालू. पुराचं पाणी स्वच्छ नसतं, त्यातला गाळ आणि क्षार बोर्डवर बसतात. ते वाळले तरी हवेतला ओलावा धरून ठेवतात आणि ३०० व्होल्टची वाट तयार होते. ट्रान्सफॉर्मरच्या आत पाणी शिरलेलं असतं ते वेगळंच. पुराच्या त्या वर्षी माझ्याकडे आलेले बहुतेक फ्लॅश मी परत दिले, दुरुस्त न करता. वडिलांची आठवण म्हणून ठेवायचे तर सेलशिवाय ठेवा. वापरायचेच असतील तर उघडून, धुऊन, तपासून देणारा माणूस गाठा, पण त्या खर्चात चांगला दुसरा फ्लॅश येतो हे मी तुम्हाला आधीच सांगून ठेवतो.


कृष्णाकाठ (सांगली)

नदीपलीकडे, सोल्डरगन म्हणतात तेच करा. भिजलेल्या फ्लॅशवर प्रयोग नकोच.

न भिजलेला पण वर्षानुवर्षं पडून असलेला फ्लॅश असेल तर त्याची पद्धत वेगळी. मोठा कपॅसिटर इलेक्ट्रोलिटिक असतो, पडून राहिला की आतला ऑक्साइडचा थर पातळ होतो. पहिल्यांदा चार्ज करताना त्याला वेळ द्यायचा. चार सेल घालून चालू करायचा, रेडी लाईट लागला तरी लगेच उडवायचा नाही, थोडा वेळ तसाच भरलेला ठेवायचा. मग एकदा उडवायचा, पुन्हा भरू द्यायचा, पुन्हा थांबायचं. जळका वास आला, अंग गरम झालं किंवा शीळ थांबतच नसेल तर बंद. सेलच्या कप्प्यात पांढरी पावडर साचली असेल तर आधी ती काढायची. अल्कलाइन सेल गळलेले असतील तर कापसाच्या बोळ्याला थोडं व्हिनेगर लावून बिंदू पुसायचे, मग कोरड्या फडक्याने, आणि पूर्ण वाळल्यावरच सेल.

आता जास्त व्होल्टेजचा फ्लॅश वापरायचा तर कसा, हे उरलं. माझ्या मते रेडिओ ट्रिगर हीच सर्वांत चांगली वाट. कॅमेऱ्यावर फक्त ट्रान्समीटर, फ्लॅश रिसीव्हरवर, दोघांत वायर नाही. फ्लॅशचे ३०० व्होल्ट कॅमेऱ्यापर्यंत पोचायला मार्गच उरत नाही. बिघडलाच तर रिसीव्हर बिघडेल. मात्र रिसीव्हरचीही मर्यादा असते, ती त्याच्या माहितीपत्रकात बघा, सगळे ३०० व्होल्ट झेलत नाहीत. फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावरून खाली उतरला की उजेडही सुधारतो. बाजूला स्टँडवर, छत्रीतून किंवा पांढऱ्या भिंतीवर मारून २८३ जे काम करतो, ते बघितल्यावर तो परत कॅमेऱ्यावर लावावासा वाटणार नाही.

फ्लॅश कॅमेऱ्यावरच हवा असेल तर वाइन (Wein) कंपनीचा सेफ-सिंक नावाचा अडॅप्टर येतो. हॉट शू आणि फ्लॅश यांच्यामध्ये बसतो आणि ४०० व्होल्टपर्यंतचं ट्रिगर व्होल्टेज ६ च्या आत आणतो. साधा हॉट शू अडॅप्टर, ज्यात फक्त सिंक कॉर्डचं भोक असतं, तो व्होल्टेज जराही कमी करत नाही. दोन्ही दिसायला जवळपास सारखे, त्यामुळे घेताना नीट वाचा.

दुसऱ्या कंपनीच्या खास फ्लॅशबद्दलही सांगतो. कॅननचा जुना ईझेड फ्लॅश निकॉनवर किंवा उलट, असं लावताना मधल्या बिंदूशिवाय बाजूचे बिंदूही कुठेतरी टेकतात. ते बिंदू टेपने झाकायचे, नाहीतर ट्रिगरवरच लावायचा.


विट्याचा स्टुडिओ (विटा)

कृष्णाकाठ, मोजले. मुलाने चांगला मीटर आणला, १० मेगओहमचा, खात्री करूनच. माझ्याकडे तीन २८३ निघाले. एकावर ८.६ व्होल्ट. दुसऱ्यावर ९ च्या आसपास. तिसरा, जो सगळ्यात जुना आहे, जपानचा, त्यावर २२१. सोल्डरगन यांच्या हिशोबाने २४० च्या पुढे. डिजिटलवर मी पहिला वापरायचो, पायाला पिवळी पट्टी आहे म्हणून ओळखतो. तिसरा फिल्म कॅमेऱ्यावरच राहिला होता. तुमचं म्हणणं पटलं, तिन्ही एकाच नावाचे आहेत.

अजून एक विचारतो. स्टुडिओत दोन जुने लाइनवर चालणारे फ्लॅश आहेत, भिंतीच्या प्लगचे. सिंक कॉर्डने जोडायचो. मुलगा ते नव्या मिररलेसला जोडायचं म्हणतोय. सेलचा नाही, मग तिथे काही प्रश्न नाही ना?


सोल्डरगन (कुपवाड)

काका, तिथे प्रश्न जास्त आहे. आपल्या लाइनचे २३० व्होल्ट सरळ डायोडमधून नेले तरी शिखराला ३२५ होतात, आणि काही फ्लॅशमध्ये दुप्पट करून साडेसहाशे घेतात. त्या काळच्या स्वस्त लाइन फ्लॅशमध्ये मधे ट्रान्सफॉर्मर नसायचा. म्हणजे सिंक कॉर्डची एक वायर थेट लाइनशी जोडलेली असू शकते. प्लग उलटा बसला तर कॅमेऱ्याच्या धातूच्या अंगावर फेज येईल. हा प्रश्न कॅमेऱ्याचा नाही, मुलाच्या जिवाचा आहे.

सिंक कॉर्ड कापून टाका. खरंच कापा, म्हणजे नंतर कुणी जोडणार नाही. फ्लॅशमध्ये स्वतःचा स्लेव्ह असेल तर त्यावर चालवा, कॅमेऱ्याकडून छोटा फ्लॅश मॅन्युअलवर उडवून. बॉडी धातूची असेल तर अर्थिंग तीन पिनपर्यंत नीट पोचतंय का ते कुणाकडून तपासून घ्या. फ्यूजची तारही योग्य जाडीची हवी, तांब्याचा तुकडा अडकवलेला मी बऱ्याच ठिकाणी बघतो.


बेदाणा (तासगाव)

स्लेव्हवर सनपॅक उडाला! छोटा फ्लॅश मॅन्युअलवर गेला आणि चाललं. एकच विचारायचं राहिलं. मामा साधे सेल घालायचे, मी रिचार्जेबल घालू का?


कृष्णाकाठ (सांगली)

घाल. चांगले निकेल मेटल हायड्राइड सेल, चारही एकाच जोडीचे. ते जास्त करंट देतात त्यामुळे फ्लॅश लवकर भरतो. त्याच कारणाने पूर्ण ताकदीवर सटासट उडवू नको, जुनं ट्रान्सफॉर्मर आणि नळी दोन्ही तापतात. चार-सहा पूर्ण फ्लॅश झाले की थोडं थांब. काम संपलं की सेल बाहेर काढून ठेव, आणि वापर नसेल तेव्हाही दोन-तीन महिन्यांतून एकदा भरून उडव, कपॅसिटर चांगला राहतो.

विटेकर काका, तुमच्या तिसऱ्या २८३ च्या सेलच्या झाकणावर आतून मार्करने '२४०, फक्त ट्रिगरवर' असं लिहून ठेवा. उद्या तो फ्लॅश मुलाच्या हातात गेला तरी मोजायची आठवण राहील. बाकी कुणी मोजलं तर मॉडेल, कुठे बनला, मीटर किती मेगओहमचा आणि आकडा, एवढं इथे टाका.